धातूचा रवा आणि चुंबकाची रवी

(आंबागड येथे भरलेल्या आपल्या कासार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण. अनेक ज्ञातिबांधवांच्या इच्छेवरून येथे छापीत आहोत.)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ‘समाजाची शैक्षणिक उन्नती’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतच असतो. वक्ता उपदेश करतो, श्रोते टाळ्या देतात, आणि पंगतीची वेळ झाली की उन्नती पुढील वर्षापर्यंत तहकूब होते. म्हणून यंदा चालकांची अनुज्ञा घेऊन आम्ही विषय जरा बदलला आहे. ओतलेला धातू साच्यात गोठत असताना त्यावर चुंबकक्षेत्राची योजना केली असता त्याची अंतर्रचना कशी सुधारते, हा आमचा आजचा विषय आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत घालविलेले. तेव्हा हा विषय आमच्या अधिकाराबाहेरचा आहे असे कोणास वाटल्यास ते अगदीच चूक नाही. परंतु या विषयात आमच्या माथ्यावर एक जुने ऋण आहे. ते प्रथम सांगतो, म्हणजे विषय का निवडला याचा उलगडा होईल.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात आम्ही चुंबकाचा पाठ घेत होतो. टाचण्या उचलून दाखविल्या, खिळे उचलून दाखविले. पितळेची चकती घेऊन तिला चुंबक ओढीत नाही हेही दाखविले. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी ओतकामाची भट्टी होती. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या मुशीत पितळेऐवजी लोखंड वितळवलं आणि वरून मोठं चुंबक धरलं, तर तो रस वर ओढला जाईल काय?” आम्ही म्हटले, “ओढला जाईल की! लोखंड ते लोखंडच.” तो बसला नाही. त्याने पुन्हा विचारले, “अन् पितळेच्या रसाला काहीच होणार नाही?” आम्ही जरा चिडूनच उत्तर दिले, “काही होणार नाही. पितळेचा आणि चुंबकाचा काही एक संबंध नाही. बस खाली.” वर्ग हसला. मुलगा बसला. त्यानंतर त्याने आमच्या तासाला प्रश्न विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मंडळी, आमची ती दोन्ही उत्तरे चुकीची होती. ती चुकीची होती हे आम्हांस निवृत्तीच्या सुमारास कळले. एका पोलाद कारखान्यात काम करणारा आमचा पुतण्या दिवाळीला घरी आला असता बोलता बोलता म्हणाला, की त्यांच्याकडे पोलादाचा रस चुंबकाने ढवळतात. आम्ही हसलो, आणि त्याने आमचे हसणे बंद केले. तेव्हापासून मिळेल ते वाचून, समजले नाही ते त्याला पुनःपुन्हा विचारून, जे काही आमच्या पदरात पडले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम धातूच्या रव्याचा विचार करू. आपल्यापैकी काहींची घराणी ओतणाऱ्यांची, काहींची ठोकणाऱ्यांची, काहींची विकणाऱ्यांची. पण फुटलेली घंटा किंवा मोडलेला खलबत्ता पाहिला नाही असा कासार विरळा. मोडलेली कड उजेडात धरली तर ती गुळगुळीत नसते. लहानमोठे कण तेथे चमकतात. हे कण म्हणजेच धातूचे रवे. कोणताही धातू गोठतो तो असंख्य स्फटिकांनी एकमेकांस चिकटून बनलेला असतो. डोळ्यांना अखंड दिसणारा गडवा वस्तुतः अशा रव्यांची भिंत आहे.

रवा मोठा पडावा की बारीक, हे बहुतांशी गोठण्याच्या वेळीच ठरते. माताभगिनींना हे सांगावयास नकोच. साखरेचा तोच पाक. दोरा सोडून हालचाल न करता दिवसचे दिवस ठेवला तर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात, आणि योग्य वेळी घोटला तर पिठासारखा बारीक रवा पडतो. पाकात काही कमीअधिक झालेले नसते. अंतर पडते ते इतकेच की, पहिल्या पाकात थोड्याच ठिकाणी रवा धरला आणि तो वाढत राहिला. दुसऱ्यात एकाच वेळी हजारो ठिकाणी धरला आणि कोणालाच फार वाढण्यास जागा उरली नाही. धातूची गोष्ट तंतोतंत अशीच आहे.

साच्यात रस ओतला की तो प्रथम साच्याच्या थंड भिंतीशी गोठतो. तेथे बारीक रव्यांचे पातळ कवच बनते. त्यानंतर त्या कवचातून काही रवे आतल्या बाजूस वाढू लागतात. भिंतीवर ओळीने खांब रोवावेत तसे लांबच लांब. शास्त्रज्ञ यांना स्तंभाकार रवे म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर प्रत्येक खांब म्हणजे एक झाडच असते: मुख्य खोड, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. चारी भिंतींकडून आलेली ही झाडे मध्यभागी एकमेकांस भिडतात, आणि जेथे भिडतात तेथे धातू दुबळा होतो. गोठताना धातू आकसतो, त्यामुळे शेवटी गोठणाऱ्या मध्यात पोकळ्या राहतात. शिवाय रसात मिसळलेली काही द्रव्ये गोठणाऱ्या भागात रमत नाहीत, ती उरलेल्या रसात ढकलली जातात आणि सरतेशेवटी मध्यभागी साठतात. घण मारला किंवा तप्त स्थितीत लाटले, की चीर जाते ती बहुधा याच मध्यातून.

याउलट मध्यभागात सर्व बाजूंनी सारखे वाढलेले बारीक रवे असतील तर चिरेला सरळ वाट मिळत नाही. प्रत्येक रव्याच्या शिवेवर तिला वळावे लागते. रवा जितका बारीक तितके पोलाद मजबूत, हा नियम ब्रिटनमध्ये हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये गणिताने मांडला. त्या दोघांच्याच नावांनी तो आज शिकविला जातो. धातू मजबूत करण्याच्या इतर अनेक उपायांत मजबुती वाढली की चिवटपणा घटतो. रवा बारीक केल्याने मात्र दोन्ही वाढतात. म्हणूनच या बारीकपणासाठी जगभर एवढा खटाटोप चाललेला आहे.

आपल्या जुन्या माणसांना हॉल आणि पेच ठाऊक नव्हते. पण रस वाजवीपेक्षा फार तापवू नये, ओतल्यावर साच्याला हलके ठोके द्यावेत, मूस उतरवून रस ढवळून मगच ओतावा, असे दंडक आम्ही लहानपणी भट्टीवर ऐकले आहेत. फार तापलेला रस ओतला तर त्यात नव्याने धरू पाहणारे बारीक रवे पुन्हा विरघळून जातात आणि खांब माजतात. ठोका दिला किंवा ढवळले तर वाढत्या झाडांच्या फांद्या मोडतात आणि प्रत्येक मोडकी फांदी नव्या रव्याचे बीज होते. म्हणजे ते दंडक शास्त्रास धरूनच होते. कारण सांगता येत नव्हते, एवढेच.

आता अडचण पाहा. मुशीतील शेर दोन शेर रस सळईने ढवळता येतो. पण साच्यात ओतल्यानंतर, कवच धरल्यानंतर, आत जो रस उरतो त्यात सळई कशी घालावी? आणि खऱ्या ढवळण्याची गरज तर तेथेच, त्याच क्षणी. पोलादाचा रस १५०० अंशांच्या घरात असतो. त्यात घातलेली लोखंडी सळई स्वतःच वितळावयाची. मातीची घातली तर तिचे कण रसात मिसळावयाचे. तेव्हा ज्या रवीला स्पर्श नाही, जी वितळत नाही आणि जी बंद कवचाच्या आत पोहोचते, अशी रवी हवी. ती रवी चुंबकाची निघाली.

येथे आमच्या पहिल्या चुकीची दुरुस्ती करतो. लोखंडाला चुंबक ओढते हे खरे, पण ते थंड लोखंडाला. लोखंड सुमारे ७७० अंशांपर्यंत तापले की त्याची चुंबकाकडे ओढले जाण्याची शक्ती लोपते. ज्या पोलादी खिळ्याला चुंबक धरून ठेवते तोच खिळा लालबुंद करून चिमट्यात धरा. चुंबक त्याला विचारीत नाही. लोहार मंडळी पाणी देण्याची वेळ आली की नाही हे अशाच रीतीने पारखतात. लोखंड वितळते ते १५३८ अंशांना. म्हणजे वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याने चुंबकाशी सोयरीक तोडलेली असते. सबब मुशीतील लोखंडाचा रस चुंबकाला चिकटावयास वर धावणार नाही.

मग चुंबक त्याला ढवळते कसे? येथे आमची दुसरी चूक पुढे येते. पितळेचा आणि चुंबकाचा काही संबंध नाही, असे आम्ही म्हटले होते. स्थिर चुंबक आणि स्थिर पितळ एवढाच विचार केला तर ते दिसण्यापुरते खरे आहे. पण दोहोंपैकी एकाने हालचाल केली की चित्र पालटते. फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांनी १८२४ मध्ये पाहिले की, तांब्याची तबकडी फिरविली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागते. मध्ये कागद धरला तरी फिरते. तांब्याला तर चुंबक ओढीत नाही. याचा उलगडा १८३१ मध्ये इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी केला. हा गृहस्थ लोहाराचा मुलगा. शाळा थोडकीच झालेली. बुकबाइंडरच्या दुकानी उमेदवारी करीत असताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. आपल्यासारख्या कारागीर समाजाने हे नाव घरोघर सांगावे. फॅरडे यांनी दाखविले की, धातूजवळील चुंबकक्षेत्र बदलत राहिले तर त्या धातूत वीज खेळू लागते. नदीच्या पात्रात भोवरे उठावेत तसे हे विजेचे भोवरे धातूच्या अंगात उठतात, आणि ज्या धातूत वीज खेळते त्याला चुंबकक्षेत्र धक्का देते. धातू चुंबकाला चिकटणारा असावा अशी अट येथे नाही. वीज वाहून नेणारा असला की पुरे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, वितळलेले पोलाद, सर्वच या नियमाच्या आज्ञेत आहेत.

हे आपल्या घरी आणि शेतात आपण नित्य पाहिले आहे, पण ओळखले नाही. जुन्या विजेच्या मीटरमध्ये काचेआड एक चकती मंदपणे फिरत असे. ती ॲल्युमिनियमची. तिला वीज पोहोचविणारी तार नव्हती, ढकलणारे चाक नव्हते. नुसत्या बदलत्या चुंबकक्षेत्राच्या धक्क्याने ती फिरे. विहिरीवरची तीन फेजची मोटार घ्या. तिच्या बाहेरच्या कड्यात तारांची वेटोळी असतात. तीन फेज एकामागून एक अशा क्रमाने येत असल्यामुळे त्या कड्याच्या पोकळीत चुंबकक्षेत्र गरगर फिरते. आतल्या रोटरला तार जोडलेली नसते, तरी तो त्या फिरत्या क्षेत्रामागे ओढला जाऊन फिरतो. फिरत्या क्षेत्राची ही युक्ती इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी १८८८ च्या सुमारास स्वतंत्रपणे जाहीर केली. आता त्या मोटारीतून रोटर काढून घ्या आणि त्या जागी साच्यात अर्धवट गोठलेला धातू ठेवा. रोटर फिरत होता तसा आतला रस फिरू लागेल. कारखान्यातील चुंबकाची रवी ती हीच. यात याहून अधिक गूढ काही नाही.

नागपूरकडील ओतशाळांत विजेच्या इंडक्शन भट्टीवर काम केलेली काही तरुण मंडळी समोर बसली आहेत. त्यांनी पाहिले असेल की त्या भट्टीतील रस आपोआप उसळत, फिरत राहतो आणि मध्यभागी फुगल्यासारखा दिसतो. तेथे कोणी ढवळीत नसते. तोही याच धक्क्याचा प्रताप.

आता जेथे ही रवी मोठ्या प्रमाणावर चालते त्या पोलादाच्या कामाकडे वळू. पूर्वी पोलादाचा रस बिडाच्या मोठमोठ्या साच्यांत ओतून लगडी करीत. सांप्रत बहुतेक पोलाद सतत ओताईने तयार होते. तांब्याचा एक बिनबुडाचा, उभा साचा असतो. त्याभोवती पाणी खेळते. वरून रस पडत राहतो, भिंतीशी कवच धरते, आणि खालून ते कवच हळूहळू ओढून घेतले जाते. पोटात अजून रस असलेली ही तप्त कांब पाण्याच्या फवाऱ्यांखालून जाता जाता पूर्ण गोठते. या कांबेच्या पोटात स्तंभाकार रवे चारी बाजूंनी येऊन भिडण्याची, मध्यात पोकळी राहण्याची आणि मिश्रद्रव्ये साठण्याची भीती फार. म्हणून साच्याभोवती, किंवा साच्याखाली, किंवा कांब गोठण्याच्या शेवटच्या टप्प्यापाशी तारांची वेटोळी बसवून आतला रस फिरवितात. साच्याशी बसविलेल्या रवीला घरच्या विजेची ५० आवर्तने चालत नाहीत. तांब्याचा साचाच इतक्या वेगाने बदलणारे क्षेत्र अडवून धरतो. म्हणून सेकंदाला थोडीच आवर्तने असलेली मंद वीज तेथे वापरतात. मोटारगाड्यांचे दांडे, दातेरी चाके, बेअरिंगे यांना लागणाऱ्या खास पोलादाच्या ओताईत ही योजना आता नेहमीची झाली आहे. असे खास पोलाद आपल्याच जिल्ह्यात वरठी येथे सनफ्लॅगच्या कारखान्यात तयार होते. आमच्या पाहुण्यांपैकी कित्येक भंडारा रोड स्टेशनवर उतरताना त्याची धुराडी पाहून आले असतील.

आणि या आंबागडाचाही त्याच्याशी संबंध आहे. समोरच्या टेकडीवरील किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजखान पठाण याने बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि तुरुंग म्हणून वापरला गेला. आज तेथे पडके बुरूज आहेत. पण या तुमसर तालुक्याच्या डोंगरांचे खरे वैभव जमिनीखाली आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आपल्या परिचयाच्या आहेत. अनेकांचे वाडवडील तेथे रोजीला गेले. मध्यप्रांतात मँगनीजचा शोध घेणारी कंपनी १८९६ मध्ये निघाली, तिच्यातूनच पुढे १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर इंडिया’ ही, आज मॉइल म्हणून ओळखली जाणारी, संस्था उभी राहिली. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचा काही भाग कोरड्या बॅटऱ्यांसाठी जातो. मँगनीजचा मुख्य उपयोग मात्र पोलादात. मँगनीज नसेल तर पोलादातील गंधक लोखंडाशी संधान बांधतो आणि तापवून लाटताना पोलाद फुटते. मँगनीज त्या गंधकास आपल्याशी बांधून घेते.

पण हेच मँगनीज कांब गोठताना उरलेल्या रसात ढकलले जाते. कर्ब, गंधक आणि स्फुरद यांच्याबरोबर तेही मध्यभागी साठते आणि तेथे कठीण, ठिसूळ रेघ निर्माण होते. ज्याला बळ देण्यासाठी घातले त्याच पोलादाच्या पोटात ते एका जागी गोळा होऊन दुखणे होऊन बसते. म्हणून ते सर्वत्र सारखे पसरले पाहिजे, आणि पसरविण्यासाठी रस योग्य वेळी हलता ठेवला पाहिजे. आपल्या डोंगरातून निघालेल्या मँगनीजचे चीज होण्यास ही रवी अशी उपयोगी पडते.

रवीचे काम तीन प्रकारे होते असे आमच्या वाचनात आले. एक, रस फिरता राहिल्यामुळे वाजवीपेक्षा अधिक असलेली उष्णता लवकर निघून जाते आणि सर्व रसाची ऊष्णता सारखी होते. मग खांबांना वाढण्यास अनुकूल असा उतार राहत नाही. दोन, वाढत्या झाडांच्या फांद्या सुटतात. पूर्वी असे समजत की प्रवाह त्या काटकीसारख्या मोडतो. आता असे मानतात की फांदीच्या बारीक मानेपाशी प्रवाहामुळे गरम व मिश्रद्रव्याने संपृक्त रस येतो, मान वितळते आणि फांदी सुटते. तीन, सुटलेले हे तुकडे प्रवाहाबरोबर मध्यापर्यंत पोहोचतात आणि तेथे बीज होऊन नवे, बारीक, सर्वांगाने सारखे रवे वाढतात.

ढवळलेल्या अर्धगोठ्या धातूचा आणखी एक चमत्कार अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत प्राध्यापक फ्लेमिंग्ज आणि त्यांचे विद्यार्थी स्पेन्सर यांच्या नजरेस १९७० च्या दशकाच्या आरंभी आला. कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू गोठत असता सतत ढवळीत राहिल्यास, बराच भाग गोठूनही तो घट्ट न होता दाट लापशीसारखा वाहतो, कारण झाडासारखे रवे गोल गोटीसारखे झालेले असतात. यातून अर्धगोठा धातू साच्यात दाबून वस्तू बनविण्याची नवी पद्धत निघाली. तिला लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कांबा चुंबकाने घुसळून करतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर असे काम झालेले आहे.

ॲल्युमिनियमच्या क्षेत्रात तर इतर देशांनी बरीच मजल मारली. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात गेत्सेलेव्ह यांनी ॲल्युमिनियमचा रस साच्याला न टेकविता केवळ चुंबकक्षेत्राच्या दाबाने आकारात धरून गोठविण्याची रीत काढली. भिंतीचा स्पर्शच नाही, म्हणून पृष्ठभाग नितळ. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हिव्हेस यांनी साच्याभोवती वेटोळे बसवून रवा बारीक करण्याची पद्धत सिद्ध केली, आणि पुढे चीनमधील शेनयांग येथे त्सुई यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी आवर्तनांचे क्षेत्र वापरून ती अधिक परिणामकारक केली. ॲल्युमिनियममध्ये टायटॅनियम आणि बोरॉन यांचा अंश घालूनही रवा बारीक करतात. पण तेथे बाहेरचे द्रव्य मिसळावे लागते. चुंबकाची रवी रसात काही टाकीत नाही आणि त्यातून काही काढीत नाही.

कोणी म्हणेल, मग ही रवी म्हणजे सर्व रोगांवर एकच मात्रा दिसते. तसे नाही. रस फार जोराने फिरविला तर गोठत्या कडेजवळील मिश्रद्रव्ये धुतली जातात आणि कांब कापून तपासली असता तेथे पांढरट पट्टे दिसतात. पृष्ठभागाशी जोर झाला तर वरची मळी रसात ओढली जाते आणि केलेल्या कामावर पाणी पडते. रस मुळातच फार तापलेला असेल तर सुटलेल्या फांद्या विरघळून जातात, बीज उरतच नाही. शिवाय वीज लागते, वेटोळी थंड ठेवण्यास पाणी लागते. कोठे प्रवाह वाढवावयाचा नसून थोपवावयाचा असतो. पोलादाच्या रुंद पाट्यांच्या ओताईत रस फार वेगाने साच्यात घुसतो. तेथे स्थिर चुंबकक्षेत्र लावले की धावत्या रसातच भोवरी वीज उत्पन्न होऊन त्याला लगाम बसतो. संगणकाला लागणाऱ्या सिलिकनच्या स्फटिकासाठीही असाच लगाम वापरतात. केव्हा घुसळावे आणि केव्हा आवरावे हे ठरविण्यास शेवटी जाणते माणूसच लागते.

मंडळी, आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. भंडारा नगरीला पितळेच्या भांड्यांनी नाव दिले असे सांगतात. आपल्या आज्यांच्या फडताळात गुंड, गंज, कोपर, गडवे लखलखत असत. आज त्यांची जागा स्टीलने आणि प्लॅस्टिकने घेतली. कितीतरी भट्ट्या विझल्या. त्यांच्यावर चुंबक आणून बसविले की त्या पुन्हा पेटतील, असे भोळे आश्वासन देण्यास आम्ही येथे उभे नाही. तो व्यवसाय ज्या कारणांनी बसला ती कारणे बाजारात आहेत, भट्टीत नाहीत.

पण भांडे गेले म्हणून धातू गोठण्याचे थांबलेले नाही. उलट आपल्या पणजोबांच्या काळी गोठत होता त्याच्या कितीतरी पट धातू आज रोज गोठतो आहे, आणि तो कसा गोठावा हे जाणणाऱ्या माणसांची गरज आहे. रस केव्हा ओतावा, किती तापवावा, केव्हा हलवावा, ही आपल्या घराण्यांची विद्या. तीच आज नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्र या नावाने शिकवितात. ते महाविद्यालय १९६० मध्ये स्थापन झाले. वाडी येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. ही दोन्ही ठिकाणे येथून काही तासांच्या अंतरावर आहेत. तरी आमच्या ओळखीच्या घरांतून तेथे गेलेली मुले आम्ही एका हाताच्या बोटांवर मोजली, आणि बोटे उरली. मुलाला कशास घालावे असे विचारले की आपण संगणक म्हणतो, बँक म्हणतो. भट्टीची काळजी आणि काजळी पुरे झाली म्हणतो. त्या काजळीने आपल्या वडिलांची छाती भरली, हे आम्ही विसरलेलो नाही. पण काजळी सोडावयाची म्हणून विद्याही सोडून द्यावी काय?

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या धातुशास्त्राच्या पदवी वा पदविकेस, किंवा आय. टी. आय. मधील ओतकामाच्या शिक्षणास जाणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. चुंबकाची रवी फिरवावयास मनगटाचा जोर लागत नाही. दुसरी, ज्यांनी स्वतः मूस धरली आहे असे वृद्ध आपल्यात आता थोडे उरले आहेत. त्यांचे शब्द, त्यांचे दंडक, रसाचा रंग पाहून ऊष्णता ओळखण्याच्या त्यांच्या खुणा कोणा तरुणाने लिहून घ्याव्यात आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापाव्यात. त्यांतले काय शास्त्रास धरून आहे आणि काय नाही हे पुढे पाहता येईल. आधी ते टिकले पाहिजे. तिसरी सूचना अल्पखर्चाची आहे. तांब्याच्या जाड नळीचा हातभर तुकडा आणि नळीत सहज मावणारे एक जोरकस चुंबक, एवढे साहित्य आसपासच्या प्रत्येक शाळेस मंडळाने द्यावे. नळी उभी धरून तीत साधा खिळा सोडला तर तो खटकन खाली पडतो. चुंबक सोडले तर ते तांब्याला न चिकटता, जणू मधातून उतरावे तसे रेंगाळत उतरते. हा एक प्रयोग आमच्यापाशी पस्तीस वर्षांपूर्वी असता तर आम्ही ते उत्तर दिले नसते. पहिल्या पाच शाळांच्या साहित्याचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून आम्ही देऊ. आज सभा संपताच कोषाध्यक्षांकडे जमा करतो.

शेवटी एकच गोष्ट. ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला होता तो आज या मंडपात बसलेला आहे. त्याने सातवीनंतर शाळा सोडली, पुढे भट्टीही विझली, आणि आता तो रोजीचे काम करतो. त्याने शाळा सोडण्यास आमचे उत्तरच कारण झाले असे आम्ही म्हणत नाही. घरची परिस्थितीही तशीच होती. परंतु त्याच्या प्रश्नाला योग्य उत्तर मिळावयास हवे होते, आणि ते न मिळाल्याचा दोष आमचा आहे. त्याची कन्या यंदा अकरावीत शास्त्र शिकते आहे. तेव्हा सर्वांसमक्ष उत्तर देतो. बाबा रे, लोखंडाचा रस चुंबकाला चिकटणार नाही. पण चुंबकक्षेत्र फिरते ठेवलेस तर तो रसही फिरेल, पितळेचाही फिरेल, आणि गोठेल तेव्हा त्याचा रवा बारीक पडेल. तुझे दोन्ही प्रश्न बरोबर होते. मुलीला हे सांग, आणि तिला प्रश्न पडले तर ते विचारण्यासाठी आमच्या घरी पाठव. जे आम्हांस येत नाही ते आम्ही तिच्याबरोबर बसून वाचू.

 कालिकामाता आपणां सर्वांस सद्‌बुद्धी देवो, एवढे बोलून आपली रजा घेतो.